उजव्या हाताची डबी

मी 'ब' बोलतेय. अर्धं नाव ऐकून चुकचुकू नका, नाव एवढंच आहे. तळहातात मावेल एवढी पांढरी डबी, निळं झाकण, आणि झाकणावर काळ्या मार्करनं काढलेला एक 'ब'. दुकानात मांडलेल्या माझ्या भावंडांच्या अंगावर सोनेरी कडा असतात, फुलं असतात, सात दिवसांत अमुक आणि चोवीस तासांत तमुक अशी वचनं असतात. माझ्या वाट्याला एक अक्षर आलं, तेही घाईत काढलेलं, जरासं तिरकं.

आतलं क्रीम आणि बाहेरची डबी, दोन्ही मिळून मी. मला सुगंध नाही. नाकाशी नेलंत तर भिजवलेल्या पिठासारखा वास येईल. रंग मळकट पांढरा. स्वभावानं कुरकुरी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे ऐकायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म साबण आणि क्रीम बनवणाऱ्या एका कारखान्यातला. मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिला सगळे लॅब म्हणायचे. खिडकीबाहेर पिंपांची रांग, आत टेबलावर काचेची भांडी, तराजू, आणि दिवसभर घरघरणारं घुसळायचं यंत्र. मला बनवणारी बाई तिथं कामाला होती. तिला सगळे मॅडम म्हणायचे, म्हणून मीही मॅडमच म्हणते. पस्तिशीची, चष्मा सारखा कपाळावर ढकलणारी, आणि तेव्हा पाचवा महिना लागलेली. पोट टेबलाच्या कडेला लागायचं, म्हणून जरा तिरकी उभी राहून काम करायची.

एका भांड्यात तेलं, दुसऱ्यात पाणी. दोन्ही सारखी तापवून तिनं एकत्र ओतली आणि यंत्र लावलं. बघता बघता सगळं दुधासारखं पांढरं झालं. इथपर्यंत मी एकटी नव्हते. मी आणि 'अ' एकाच भांड्यात होतो, सख्ख्या जुळ्या म्हणा ना. मग मॅडमनं भांडं दोन ठिकाणी निम्मं निम्मं ओतलं आणि आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

'अ'मध्ये तिनं ग्लिसरीन घातलं आणि हायलुरॉनिक ॲसिड घातलं. नाव भारदस्त आहे, पण काम एकच, पाणी धरून ठेवायचं. कातडीला लावलं की ती लगेच टच्च दिसते, मऊ लागते, लावणारा खूश. माझ्यात पडला ओटचा अर्क, एका मुळापासून काढलेली इन्युलिन नावाची पूड, आणि आंबवून काढलेला कसलासा पिवळट रस. हे कातडीसाठी नाहीच मुळी. माणसाच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. बिनभाड्याचे भाडेकरू, पण गुणी. बाहेरच्या वाईटाला आत शिरू देत नाहीत, भिंत धड ठेवतात. ते उपाशी राहिले की भिंत ढासळते. मी त्यांचा डबा घेऊन जाते. म्हणजे माझं काम सावकाशीचं, आणि चार दिवसांत कुणाला दिसणार नाही असं. 'अ'ला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते, ते यासाठी.

मॅडमची मात्र माझ्यावर भिस्त होती. तीन वर्षं ती माझ्यामागे होती. माझ्याआधीच्या सतरा डब्या फसल्या होत्या. काहींना बुरशी आली, काही फुटून पाणी-तेल वेगळं झालं. मला तिनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

आम्हाला ज्या हातांवर जायचं होतं, ते हात मॅडमच्या आईचे होते.

आईला सगळं जग सिस्टर म्हणायचं. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी नवजात बाळांच्या खोलीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीतली माणसं 'सिस्टर, जरा बघता का' म्हणत दारात उभी राहायची. बाई बुटकी, ताठ, आणि जिभेनं तिखट. दोन खोल्यांत एकटी राहायची. घरात एक वस्तू जागची हललेली तिला चालायची नाही.

आणि तिचे हात! देवा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझं झाकण परत लावून घ्यावंसं वाटलं. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याच्या बुडाशी भेगा, काही कोरड्या, काही ओल्या. मागची कातडी वाळलेल्या कांद्याच्या टरफलासारखी. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुवायची सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. दार उघडलं, धुतले. वर्तमानपत्र वाचलं, धुतले. पैसे घेतले-दिले, दोनदा धुतले.

"तुझ्या बाळाला मी घेतलं ना, तर ओरखडे उठतील त्याच्या अंगावर," सिस्टर म्हणाली. हसत म्हणाली, पण हात पदराखाली गेले.

"म्हणून तर आणलंय," मॅडम म्हणाली. "तीन-चार महिने आहेत आपल्या हातात. 'अ' डाव्या हाताला, 'ब' उजव्या हाताला. दिवसातून तीनदा. अदलाबदल नाही करायची."

"काय आहे यात?"

"ते नाही सांगायचं. सांगितलं की माणूस मनानंच बरा होतो नाहीतर मनानंच बिघडतो. निकाल खोटा पडतो."

"बरं बाई. मोठ्या शास्त्रज्ञ तुम्ही." सिस्टरनं आम्हा दोघींना कपाटाच्या फळीवर ठेवलं, एक डावीकडे, एक उजवीकडे. "पण एक ऐकून ठेव. बाळाला पहिली आंघोळ मी घालणार. या हातांनी दुसऱ्यांची किती घातली, मोजदाद नाही. आपल्या घरातलं हे पहिलंच."

तर हे असं होतं. हात बरे व्हायचे, आणि त्या हातांत नातवंड यायचं. बाकी मग डब्यांची तुलना, आकडे, कारखाना, हे सगळं मॅडमचं. सिस्टरला फक्त हे एवढं हवं होतं.

तिच्यासारखी काटेकोर बाई मला दुसरी भेटणार नाही. घड्याळ लावून वापरायची. डबीत बोट कधी घातलं नाही, बरोबर दिलेल्या छोट्या चमच्यानंच घ्यायची, चमचा पुसून ठेवायची. मॅडमनं दिलेल्या वहीत वेळ लिहायची. पण मला हात लावायच्या आधी एक काम करायची, आणि ते वहीत लिहीत नव्हती. लिहिण्यासारखं ते तिला वाटलंच नाही. माणूस श्वास घेतल्याचं लिहितो का कुठे?

कपाटातून स्पिरिटची बाटली काढायची. कापसाचा बोळा भिजवायचा. आणि दोन्ही हात, बोटांच्या बेचक्यांसकट, घासून पुसायचे. भेगांत स्पिरिट गेलं की तोंडातून 'स्स' निघायचं. मग फुंकर घालून वाळवायचे. औषध लावायचं तर जागा स्वच्छ हवी, हे ती छत्तीस वर्षं नव्या पोरींना शिकवत आली होती.

मला बोलता येत असतं तर मी घसा फाडून ओरडले असते. अहो सिस्टर, मी ज्यांचा डबा घेऊन आलेय, त्यांना तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत मारून टाकताय! सकाळी मी वाढायला जायची, तर पंगतीत कुणी नाही. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. मी नुसतीच कातडीवर पसरून वाळून जायची. 'अ'चं काय बिघडत होतं? तिला पाण्याशी मतलब. जिवंत कोण, मेलं कोण, तिला देणंघेणं नाही. स्पिरिटनं सुकलेल्या हातावर ती पसरली की दोन-तीन तास डावा हात बरा दिसायचा. मग तोही फाटायचा, पण दोन-तीन तास तरी दिसायचा.

दर रविवारी मॅडम यायची. तिच्याकडे पेनासारखं एक यंत्र होतं, हाताला टेकवलं की कातडीतला ओलावा आकड्यांत दाखवायचं. डाव्या हाताचा आकडा हळूहळू चढत गेला. उजव्याचा आपला पहिल्या दिवशी होता तिथंच, एकदा तर त्याच्याही खाली.

सहाव्या रविवारी तिनं उजवा हात तीनदा तपासला. यंत्र बंद करून परत चालू केलं, परत तपासलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय गं?" सिस्टर म्हणाली.

"काही नाही. 'ब' गेली. काही उपयोगाची नाही ती."

"माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? तू वेळ चुकवली नाहीस एकदाही." मॅडमनं वही चाळली. "माझंच चुकलं. तीन वर्षं."

मी फळीवर होते. सगळं ऐकत होते. अपमान वगैरे ठीक आहे, तो मी गिळला असता. पण जाताना मॅडमनं मला उचललं, झाकणावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं. "राहू दे, संपेपर्यंत लाव," म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर चारच दिवसांनी बाळ आलं. सातव्या महिन्यात. मुलगी. नऊशे ग्रॅम.

जावयाचा फोन आला तेव्हा सिस्टर हात पुसत होती. एका हातानं फोन, दुसऱ्या हातात बोळा. तिनं रडारड केली नाही. किती आठवड्यांचं, श्वास स्वतः घेतंय का, रंग कसा आहे, असं भराभर विचारलं. मग पिशवी भरली. कपडे, थर्मास, आम्ही दोघी, चमचा, कापूस, स्पिरिट. वेळ चुकवायची नाही म्हणजे नाही.

दवाखाना तिचाच. जिथं छत्तीस वर्षं काढली तोच. बाळांच्या खोलीला मोठी काच आहे, काचेतून पेट्यांची रांग दिसते. दाराशी एक पाटी: 'हातावर भेग, जखम किंवा पुरळ असलेल्या कोणीही आत येऊ नये.' दारात उभी असलेली इन्चार्ज बाई सिस्टरच्या हाताखाली शिकलेली. सिस्टरला बघून तिचा चेहरा उजळला, मग नजर सिस्टरच्या हातांवर गेली आणि चेहरा पडला.

"सिस्टर…"

"माहितेय मला," सिस्टर म्हणाली. "पाटी माझीच आहे."

तिनं वाद घातला नाही. काचेपाशी उभी राहिली. तिसऱ्या पेटीत नात होती. नळ्या, पट्ट्या, डोक्यावर मोज्याएवढी टोपी. मी पिशवीच्या तोंडाशी होते, मलाही दिसली. सिस्टर काचेला हात लावणार होती, तोही मागे घेतला.

मॅडमला दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. मायलेकी काचेसमोरच्या बाकड्यापाशी बसल्या. अकरा वाजले. सिस्टरनं पिशवी उघडली, बाटली काढली, बोळा भिजवला आणि हात पुसायला लागली.

मॅडम बघत होती. आधी नुसतीच बघत होती.

"आई, हे काय करतेस?"

"मलम लावायची वेळ झाली."

"ते कळलं. हे काय करतेस?"

"पुसतेय. घाणेरड्या हाताला मलम लावतात का?"

"रोज पुसतेस? तिन्ही वेळा?"

"म्हणजे काय?"

मॅडमनं बाटली तिच्या हातातून घेतली. लेबल वाचलं, जणू काही तिला ठाऊकच नव्हतं बाटलीत काय असतं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं तोंडावर हात दाबला, कारण पोटाचे टाके ओढले गेले. मग ते हसू राहिलंच नाही.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"तू तरी सांगितलंस का डबीत काय आहे ते?"

एकीनं निकाल खोटा पडू नये म्हणून सांगितलं नाही, दुसरीला सांगण्यासारखं वाटलं नाही. आणि मधल्या मध्ये सहा आठवडे गेले. मॅडमनं मग सांगितलं. त्या जिवांचं, त्यांच्या खाण्याचं, सगळं. सिस्टर ऐकत गेली तशी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

"जंतू? माझ्या हातावर जंतू पोसायला निघाली होतीस तू?"

"पोसायला कशाला, ते आधीच असतात. प्रत्येकाच्या हातावर असतात, आई."

"माझ्या हातावर नव्हते!"

"म्हणूनच फाटलेत ते."

काचेपलीकडे कुठलंसं यंत्र टिकटिकत होतं. सिस्टर लेकीकडे न बघता, पेट्यांकडे बघत बोलली.

"तू तेव्हा चार वर्षांची असशील. या खोलीत तीन बाळं गेली. एका आठवड्यात. कुणाच्या तरी हातातून गेलं त्यांच्या अंगात. कुणाच्या, ते कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, शोधून उपयोग नाही. मी त्या आठवड्यात रोज ड्युटीवर होते."

तिनं हात मांडीवर उलटे करून ठेवले.

"तेव्हापासून पुसते मी."

मॅडमला हे माहीत नव्हतं. एकतीस वर्षं एका ताटलीत जेवल्यासारख्या जवळ राहिल्या, आणि हे माहीत नव्हतं. मी तर डबी, मला कुठून माहीत असणार? पण त्या दिवसापासून मी सिस्टरबद्दल मनात कुरकुर केली नाही.

आता पेच पाहा कसा होता. भेगा भरल्याशिवाय आत जाता येणार नाही. स्पिरिट सोडल्याशिवाय भेगा भरणार नाहीत. आणि स्पिरिट सोडायचं म्हणजे, तिच्या हिशेबानं, हातावर तेच वाढू द्यायचं ज्यानं तीन बाळं नेली. ती दिवसभर बाकड्यावर बसून राहिली. संध्याकाळी जावई डबा घेऊन आला तेव्हा तिनं ती बाटली त्याच्या हातात दिली.

"जावईबापू, ही घेऊन जा. घरी ठेवा नाहीतर ओतून टाका. मला दिसेल अशी ठेवू नका."

"बरं, आई."

"आणि मी मागितली तरी देऊ नका."

मॅडमनं नवं वेळापत्रक लिहून दिलं. हात साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं, लागतील तेव्हाच. टिपून घ्यायचे, ओलसर असतानाच आधी 'अ', तिच्यावर 'ब'. दोन्ही हातांना. "पहिल्यापासून असंच करायला हवं होतं," म्हणाली. "एकीनं पाणी आणायचं, दुसरीनं घर उभं करायचं. मी दोघींची कुस्ती लावून बसले."

त्या दिवशी पहिल्यांदा मी 'अ'च्या अंगाला अंग लावून कातडीवर उतरले. ती थंडगार होती. तिच्याबद्दल मी इतकी वर्षं, म्हणजे इतके आठवडे, मनात काय काय ठेवलं होतं, त्याची मला लाज वाटली.

पहिले दोन दिवस सिस्टरचे फार वाईट गेले. हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. नळ दिसला की उठायची, परत बसायची. तिसऱ्या दिवशी मला कळलं की पंगतीत कुणीतरी आलंय. कसं कळलं ते विचारू नका, वाढणाऱ्याला कळतं. चौथ्या दिवशी आणखी आले. मी वाळून जात नव्हते, मुरत होते.

रोज सकाळी इन्चार्ज बाई दारातच सिस्टरचे हात हातात घेऊन बघायची, उजेडाकडे करून, एकेक बोट वेगळं करून. पहिल्या दिवशी सहा भेगा होत्या. मग चार. मग तीन.

"आज?"

"अजून नाही, सिस्टर. दोन आहेत."

"शाबास. बरोबर बघतेस. घाई करू नकोस."

अशी बाई. आत जायला जीव कासावीस झालेला, आणि अडवणाऱ्या पोरीला शाबासकी देतेय.

आत नातीचं वजन वीस ग्रॅम वाढलं, दहा घटलं. दुधाचे थेंब नळीतून जात होते. मॅडम दिवसातून दोनदा आत जायची, पोरीला छातीशी घ्यायची. सिस्टर काचेतून खुणा करायची, मान अशी धर, पाठीला आधार दे. कधी कधी ती आपल्याच मांडीवरच्या पिशवीला तसा आधार द्यायची, तिला कळायचंही नाही. पिशवीत मी होते.

अकराव्या दिवशी सकाळी एकच भेग उरली होती, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी. तीही ओली नव्हती. "परवापर्यंत मिटेल," इन्चार्ज बाई म्हणाली. सिस्टर बाकड्यावर येऊन बसली आणि पहिल्यांदाच मला उघडून, लावायची वेळ झालेली नसताना, नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. "बघ हं," म्हणाली. "दोन दिवस."

दुपारी आत धावपळ झाली. काचेचे पडदे ओढले गेले. डॉक्टर आला, दुसरा आला. मॅडमला आणि जावयाला आत बोलावलं. सिस्टर उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. पडद्याच्या फटीतून तिला काहीच दिसत नव्हतं, पण कुठलं यंत्र कसं वाजतं हे तिला बघावं लागत नव्हतं.

मग दार उघडलं. इन्चार्ज बाई बाहेर आली. तिनं सिस्टरच्या हातांकडे पाहिलंच नाही.

"सिस्टर, या आत."

"भेग आहे अजून," सिस्टर म्हणाली. "एक."

"असू दे. या तुम्ही."

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. तो नियम सिस्टरनंच केला होता, आणि तो कधी मोडायचा हेही तिनंच पोरींना शिकवलं होतं. ज्याला आता काही होण्यासारखं उरलेलं नाही, त्याच्यासाठी कुणाचे हात तपासायचे नाहीत. सगळ्यांना आत येऊ द्यायचं. तिनं मला पिशवीसकट उचललं. मग ती आत गेली.

पेटीतून काढलं होतं तिला. नळ्याही काढल्या होत्या. मॅडमच्या उघड्या छातीवर ती पालथी निजली होती, आणि जावई खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. सिस्टरनं हात धुतले, साध्या पाण्यानं, सवयीनं कोपरापर्यंत. टिपले. मग उजवा हात नातीच्या पाठीवर ठेवला. सगळी पाठ हाताखाली झाकली गेली.

"आले गं चिमणे," ती म्हणाली. "उशीर झाला मला."

ओरखडा उठला नाही. कातडी मऊ होती. हे मी माझ्या बढाईसाठी सांगत नाहीये. दीड तास तिनं तो हात उचलला नाही. शेवटी पाठ हलायची थांबली तरी उचलला नाही.

या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. मी परत कपाटाच्या फळीवर आहे. 'अ' संपली, रिकामी होऊन शेजारी पडली आहे. माझ्याही तळाशी थोडंच उरलंय. कारखान्यात मॅडम जात नाही. मला बनवायची कृती तिच्या टेबलाच्या खणात असेल, ती खण उघडेल की नाही कोण जाणे.

सिस्टर हात धुते, पण एकच. डावा. उजव्या हातावर ती प्लॅस्टिकची पिशवी चढवते, मनगटाशी रबर लावते आणि तशीच भांडी घासते, आंघोळ करते. जेवण चमच्यानं, डाव्या हातानं. शेजारीण म्हणाली, "सिस्टर, हाताला लागलं का काही?" तर म्हणाली, "हो." दिवसातून तीनदा पिशवी काढते आणि मला लावते. वेळ चुकवत नाही.

काल मॅडम आली. दार उघडायला सिस्टर आली ती तशीच, हाताला पिशवी. मॅडमनं त्या पिशवीकडे पाहिलं. दोघी टेबलाशी बसल्या. सिस्टरनं रबर सोडलं, पिशवी काढली.

"एक विचारू?" ती म्हणाली. अशी कधी विचारून बोलणारी बाई नव्हे ती. "तू म्हणालीस ना, प्रत्येकाच्या अंगावर ते जीव असतात. तिच्याही अंगावर असतील?"

"असतील."

"आपण हात लावला की एकमेकांच्या अंगावर येतात?"

"येतात, आई."

"मग तिचे माझ्या हातावर आले असतील."

मॅडमनं खाली मान घातली. ती शिकलेली आहे. किती दिवस टिकतात, कोणते टिकतात, मोठ्या माणसाच्या कातडीवर त्यांचा निभाव लागतो का, हे सगळं तिला माहीत आहे. ती एवढंच म्हणाली, "आले असतील."

"आणि हे मलम त्यांनाच खायला घालतं."

"हो."

सिस्टरनं मान हलवली. सगळं पटल्यासारखी. मग मॅडम एकदम फुटली. एवढ्या दिवसांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, दवाखान्यातही नाही.

"मी धुतलं गं, आई. दुसऱ्याच दिवशी आंघोळ केली मी. गरम पाण्यानं, साबण लावून, घासून. अंगाला दवाखान्याचा वास येत होता. माझ्या छातीवर होती ती, आणि मी… मला सुचलंच नाही. एवढं शिकून मला सुचलं नाही."

सिस्टर उठली. चमच्यानं माझ्या तळाशी खरवडलं, चमच्यात आलं तेवढं उजव्या तळव्यावर घेतलं. लेकीच्या ब्लाउजचं वरचं बटण काढलं, जिथं पोर निजली होती तिथं हात ठेवला आणि हलक्या हातानं चोळायला लागली. आधी पुसलं नाही.

"घे," म्हणाली. "माझ्याकडची घे."

मी कोणाला खाऊ घालते ते मला दिसत नाही. मी नेऊन वाढते, पंगतीत कोण बसलंय हे मी कधी पाहिलेलं नाही. ती पोर त्यांच्यात असेल असं म्हणायची माझी ताकद नाही, आणि नसेल असं म्हणवत नाही. तळाशी अजून दोन-तीन वेळचं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला थोडं लागलंय, तेही निघेल. मला फेकायच्या आधी तेवढं निपटून घ्या.